जिवाणू-खतांची ओळखपरेड हवी

नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्याचे दैव पालटले, ही गोष्ट या भागातील शाळकरी मुलालाही सांगावी लागत नाही. मात्र त्या पाण्याची किंमत जमिनीने पुढे व्याजासह वसूल केली, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. कालव्याला पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करावी लागली. निचऱ्याविना पाणी पिणाऱ्या काळ्या रानांत क्षार वर येऊ लागले होते आणि काही ठिकाणी उसाच्या जागी पांढरी खपली दिसू लागली होती. या कालवा-क्षेत्राच्या जमिनींचा आणि उसाचा अभ्यास करण्यासाठी १९३२ साली नीरेपलीकडे पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले. ते आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे.

तेव्हापासून आजतागायत या पट्ट्यातील ऊस दोन गोष्टी मागत आला आहे, पाणी आणि नत्र. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. शिफारस एवढी, प्रत्यक्षात युरियाच्या गोण्या याहून अधिक मोकळ्या हाताने रिकाम्या होतात, हे सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी किंवा नीरा-भीमा यांपैकी कोणत्याही कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील शेतकरी खासगीत मान्य करील. टाकलेल्या नत्रापैकी मोठा भाग पिकाच्या मुळाशी पोहोचतच नाही. काही हवेत जातो, काही पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतो. खर्च सरकारी तिजोरीचा, नासाडी जमिनीची आणि दूषित पाणी गावाचे, असा हा तिहेरी तोटा आहे.

या दुखण्यावर पाडेगावच्या केंद्राने एक सोपा आणि स्वस्त उपाय सुचविला आहे. लागणीपूर्वी उसाच्या टिपऱ्या हेक्टरी १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्या द्रावणात अर्धा तास बुडवाव्यात, म्हणजे नत्रात ५० टक्के आणि स्फुरदात २५ टक्के बचत करता येते, असा हा उपाय आहे. आडसाली उसाच्या हिशेबाने पाहिले तर ही बचत हेक्टरी २०० किलो नत्राची, म्हणजे ४५ किलोच्या साडेनऊ-दहा गोण्या युरियाची होते. एका हेक्टराची बचत एवढी असेल तर एका कारखान्याच्या संपूर्ण कार्यक्षेत्राचा आकडा किती मोठा होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

शिफारस उत्तम आहे, तिच्यामागे दीर्घकालीन परिश्रम आहेत आणि तिचा प्रसार व्हावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ही सारी इमारत एका गृहीतावर उभी आहे. ते गृहीत असे की, शेतकऱ्याने दुकानातून आणलेल्या पाकिटात अथवा बाटलीत जो जिवाणू आहे असे छापलेले असते, तोच जिवाणू आत असतो. युरियाची गोणी फोडली तर आतला शुभ्र दाणा निदान डोळ्यांना दिसतो. जिवाणूंच्या बाबतीत मात्र शेतकरी, दुकानदार, कृषी सहायक आणि बऱ्याचदा उत्पादकसुद्धा सारखेच आंधळे असतात. शेतकऱ्याने विश्वासाने निम्मा युरिया कमी करावा आणि बाटलीत भलताच जंतू निघावा, तर त्याची शिक्षा त्याला ऊस तुटून वजनकाट्यावर गेल्यावर, म्हणजे दीड वर्षाने मिळणार. तोपर्यंत दोष पावसाचा की बेण्याचा, खताचा की हुमणीचा, हे कोण ठरविणार? त्या शेतकऱ्याचा एकच निष्कर्ष राहील, की जिवाणू-खत ही थाप आहे. आणि तो पुढल्या लागणीला युरियाची एक गोणी अधिकच टाकील. एका खोट्या बाटलीने एक शेत तर बुडतेच, शिवाय चांगल्या शास्त्रावरचा गावाचा विश्वासही बुडतो. म्हणूनच बाटलीतल्या जिवाणूची ओळख पटविणे हा विषय केवळ प्रयोगशाळेतील पंडितांचा राहिलेला नाही.

रूपावरून कुळ कळत नाही

पाने, फुले व फळे पाहून वनस्पतीचे कुळ सांगता येते. शिंगे, खूर, वशिंड पाहून जनावराची जात ओळखता येते. जिवाणूंचे तसे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक जिवाणू एक तर बारीक गोळ्यांसारखे दिसतात, नाही तर आखूड काड्यांसारखे. नत्र देणारा, स्फुरद विरघळविणारा, व्हिनेगर आंबविणारा आणि अन्न नासविणारा हे चौघेही काडीच्याच रूपाचे असू शकतात. अशा वेळी दिसण्यावर विसंबणे म्हणजे पितळ आणि सोने केवळ पिवळेपणावरून ओळखण्यासारखे आहे. सराफ रंगावर जात नाही. तो दागिना कसाच्या दगडावर घासतो. जिवाणूंच्या अभ्यासकांनाही असाच कसाचा दगड शोधावा लागला आणि तो त्यांना जिवाणूंच्या देहाच्या रासायनिक घडणीत सापडला.

या शोधाची सुरुवात जुनी आहे. १८८४ साली हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश वैद्यकाने रंगद्रव्याची एक रीत काढली. तिच्यामुळे काही जिवाणू जांभळे राहतात तर काहींचा रंग धुऊन जातो. हा फरक त्यांच्या पेशीभित्तिकेच्या रचनेमुळे पडतो, हे पुढे कळले. भित्तिका जाड असेल तर रंग अडकून राहतो, पातळ असेल तर निघून जातो. क्षयरोग्याची थुंकी तपासताना आजही हेच तत्त्व वापरले जाते. क्षयाच्या जंतूच्या भित्तिकेत मायकोलिक आम्ल नावाची लांबलचक मेदाम्ले असतात. त्यांच्यामुळे एकदा चढलेला रंग आम्लाने धुतला तरी उतरत नाही. सरकारी दवाखान्यातील तंत्रज्ञ काचपट्टीवरच्या लाल काड्या मोजतो, तेव्हा तो एक रासायनिक खूणच वाचत असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खुणांचे रीतसर शास्त्र झाले. भित्तिकेत कोणती ॲमिनो आम्ले कोणत्या क्रमाने गुंफली आहेत, पेशीच्या पातळ आवरणात कोणती मेदाम्ले किती प्रमाणात आहेत, श्वसनाच्या साखळीत कोणते क्विनोन आहे, यांच्या नोंदी जगभर तयार होऊ लागल्या. श्लायफर व कांडलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये भित्तिकांच्या प्रकारांची मांडणी केली. कॉलिन्स व जोन्स यांनी १९८१ मध्ये क्विनोनांची तशीच मांडणी केली. जिवाणूची नवी जात जाहीर करावयाची असेल तर तिच्या जनुकीय आराखड्याबरोबर या रासायनिक खुणाही द्याव्यात, असा आज विद्वानांचा रिवाज आहे.

पुणे जिल्ह्याला हे क्षेत्र परके नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असे नाव मिळाले व त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध तयार झाले. पिंपरी हे गावाचे नाव अशा रीतीने जिवाणूंच्या जागतिक नामावळीत गेले. ज्या जिल्ह्याने जगाला हे नाव दिले, त्याच जिल्ह्यातील ऊस उत्पादकाने मात्र आपल्या बाटलीवरचे नाव डोळे झाकून मानावे, हा विरोधाभास आहे.

नाव ॲसेटोबॅक्टर, कुळ निराळे

आता ज्या जिवाणूवर नत्राच्या निम्म्या बचतीची भिस्त आहे, त्याचीच कथा पाहण्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये उसाला नत्राची मात्रा आपल्या मानाने कमी दिली जाते आणि तरीही ऊस तग धरतो, याचे कोडे तेथील शास्त्रज्ञांना होते. योहाना डोबेरायनर या विदुषीने त्या कोड्याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९८८ साली तिने व तिचे सहकारी काव्हालकान्ते यांनी उसाच्या मुळांत व खोडांत राहणारा, हवेतील नत्र स्थिर करणारा एक जिवाणू उजेडात आणला. दहा टक्के साखरेच्या आम्ल द्रावणात तो आनंदाने वाढत होता. उसाच्या रसात संसार थाटण्यासाठीच जणू तो जन्मला होता. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, त्याला ॲसेटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस असे नाव मिळाले. ॲसेटोबॅक्टर हे नाव त्या आधीचे, बायेरिंक यांनी १८९८ साली व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना दिलेले. उसातला हा नवा पाहुणा त्याच घराण्यातला समजला गेला.

परंतु याच घराण्याची झडती जपानमध्ये युझो यामाडा हे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून घेत होते. त्यांनी कसाचा दगड म्हणून यूबिक्विनोन हे द्रव्य निवडले. अन्नातून ऊर्जा काढून घेण्याच्या साखळीत हे द्रव्य निरोप्याचे काम करते. माणसाच्या शरीरातही ते असते व औषधांच्या दुकानात क्यू-१० या नावाने विकले जाते. त्याच्या रेणूला एक लांब शेपटी असते आणि ती पाच-पाच कर्बअणूंच्या कड्यांची बनलेली असते. यामाडा यांना असे आढळले की, खऱ्या ॲसेटोबॅक्टरच्या शेपटीत नऊ कड्या असतात. परंतु त्याच नावाखाली वावरणाऱ्या काही जिवाणूंच्या शेपटीत दहा असतात. फरक एका कडीचा, पण पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारा. त्या एका कडीवरून त्यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यासह दहा कड्यांचा उपगट वेगळा काढला. पुढे जनुकीय पुरावाही त्याच बाजूचा निघाला आणि १९९७ मध्ये त्या उपगटाला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा देण्यात आला. उसातील आपला जिवाणू दहा कड्यांचा होता. त्यामुळे त्याचे नाव बदलून ग्लुकॉनॲसेटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस असे झाले.

म्हणजे शिफारशीत, सरकारी परिपत्रकांत आणि बाटल्यांवर आपण आजही ज्याला ॲसेटोबॅक्टर म्हणतो, तो शास्त्राच्या दफ्तरात १९९० च्या दशकातच निराळ्या कुळात गेला आहे. यावर कोणी म्हणेल की नाव जुने असले म्हणून बिघडले कोठे? गावात माणसाला टोपणनावाने हाक मारली तर तो ओ देतोच. हे खरे आहे. परंतु येथे टोपणनाव दुसऱ्याच एका माणसाचे खरे नाव आहे, ही अडचण आहे. बाटलीत खरोखरच अक्षरशः ॲसेटोबॅक्टर, म्हणजे व्हिनेगर आंबविणारा नऊ कड्यांचा जिवाणू भरला, तर लेबलाच्या दृष्टीने तो निर्दोष ठरेल आणि उसाच्या दृष्टीने बहुधा निरुपयोगी. ज्या खुणेने कुळ वेगळे केले, त्याच खुणेने बाटली तपासता येणे शक्य असताना आपण ती तपासत नाही, हा खरा मुद्दा आहे.

कायदा मोजतो, ओळखत नाही

जिवाणू-खतांना कायदा नाही असे नव्हे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे आणि २००६ मध्ये त्यात जिवाणू-खतांचा समावेश झाला. वाहक पदार्थावरील खतात ग्रॅममागे किमान पाच कोटी आणि द्रवरूप खतात मिलिलिटरमागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत, एक लक्षांश विरलतेत परक्या जंतूची भेसळ दिसू नये, अशा अटी त्यात घातल्या आहेत. पुढे ॲसेटोबॅक्टरचाही त्यात अंतर्भाव झाला व नत्रविरहित अर्धघट्ट माध्यमात पिवळसर साय धरणे ही त्याची कसोटी ठरविण्यात आली. या अटी आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु त्या मुख्यत्वे मोजणीच्या अटी आहेत. सभेला किती माणसे आली हे मोजणे वेगळे आणि आलेली माणसे कोण आहेत हे ओळखणे वेगळे. पिवळसर साय धरणारा जिवाणू नत्राविना वाढू शकतो व आम्ल तयार करतो, एवढे त्या कसोटीवरून कळते. तो नेमका कोण, हे त्या सायीवर लिहिलेले नसते.

ही उणीव क्विनोनाची परीक्षा मोठ्या प्रमाणात भरून काढू शकते. पिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या जिवाणूंची ही खूण निरनिराळी आहे. उसाच्या आपल्या जिवाणूत दहा कड्या, व्हिनेगरवाल्या ॲसेटोबॅक्टरमध्ये नऊ, स्युडोमोनासमध्ये नऊ आणि ॲझोटोबॅक्टरमध्ये आठ. बॅसिलसमध्ये तर यूबिक्विनोन नसतेच. त्याच्या जागी सात कड्यांचे मेनाक्विनोन असते. हा शेवटचा फरक फार उपयोगाचा आहे. कारण बॅसिलसचे चिवट बीजाणू धुळीत सर्वत्र असतात आणि निष्काळजीपणे चालविलेल्या कारखान्यात भेसळ शिरते ती बहुधा त्यांचीच. जिवाणूंची वाढ गोळा करून वाळवावी, द्रावकात द्रव्य उतरवावे आणि खास लेप दिलेल्या काचपट्टीवर चढू द्यावे, एवढ्यावर यूबिक्विनोन व मेनाक्विनोन वेगळे दिसतात आणि नऊ-दहाचा भेदही लावता येतो. पदव्युत्तर वर्ग चालविणाऱ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हे काम अशक्य नाही.

त्यापुढची पायरी मेदाम्लांची. पेशी आवरणातील मेदाम्ले काढून वायुरूपात नळीतून सोडली, की प्रत्येक मेदाम्ल आपापल्या वेळेला बाहेर पडते आणि कागदावर शिखरांची एक रांग उमटते. ही रांग म्हणजे त्या जिवाणूच्या अंगठ्याचा ठसा. त्याहूनही वेगवान रीत म्हणजे पेशीतील प्रथिने लेसर किरणांनी उडवून त्यांचे वजन करणे. मोठे रेणू न फोडता अशा रीतीने उडविण्याच्या युक्तीबद्दल जपानच्या कोइची तानाका यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकातील वाटा मिळाला. मोठ्या रुग्णालयांतून आज या यंत्राने रोगजंतूंची ओळख काही मिनिटांत पटविली जाते. मात्र यंत्राच्या स्मरणवहीत भरणा रुग्णालयीन जंतूंचा असतो. शेतातील जिवाणूंची वही आपली आपल्यालाच तयार करावी लागेल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या सूचनेवर काही आक्षेप येतील व त्यांचा विचार प्रामाणिकपणे झाला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, आता डी.एन.ए. वाचण्याचे तंत्र इतके स्वस्त झाले असताना जुन्या रासायनिक खुणांचे प्रयोजन काय? कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आर.एन.ए.वरून सजीवांची वंशावळ मांडल्यापासून जिवाणूंच्या वर्गीकरणात जनुकांना पहिले आसन मिळाले आहे, हे निर्विवाद आहे. परंतु न्यायालयात एका साक्षीवर निकाल सहसा होत नाही. जनुक वंश सांगते, रासायनिक खूण प्रत्यक्ष घडण सांगते. आणि दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या म्हणजेच ओळख पक्की होते. ग्लुकॉनॲसेटोबॅक्टरच्या बाबतीत अगदी असेच घडले. खूण आधी बोलली, जनुकाने तिला दुजोरा दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दहा कड्यांची खूण ॲझोस्पिरिलम आणि ऱ्हायझोबियम यांच्यातही आढळते. मेदाम्लांचे प्रमाण माध्यमानुसार व तापमानानुसार बदलते. शिवाय खूण जातीपर्यंत पोहोचविते, त्या जातीतील नेमक्या वाणापर्यंत नाही. हे सर्व बरोबर आहे. म्हणूनच एका खुणेवर विसंबू नये, वाढविण्याची रीत सर्वत्र एकच ठेवावी आणि शंका आल्यास जनुकीय परीक्षा करावी. गाळणी सर्व कचरा अडवीत नाही म्हणून ती वापरूच नये, असा युक्तिवाद कोणी करीत नाही.

तिसरा आक्षेप असा की, जिवाणू ओळखीचा निघाला म्हणून तो नत्र देईलच असे नाही. हेही मान्य. मेक्सिकोतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले आहे की, नत्रखताची मात्रा भरमसाट असेल तर उसातील या जिवाणूची वस्तीच रोडावते. तेव्हा ज्या शेतात बाटलीही ओतली जाते आणि युरियाही पूर्ववत पडतो, तेथे बाटलीचा पैसा वाया जाण्याचीच शक्यता अधिक. परंतु यावरून ओळखीचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. बाटलीत योग्य जिवाणू होता हे ठाऊक असेल तरच अपयशाचे कारण युरियात, क्षारात की पाण्यात, याचा तपास करता येईल. ओळखच पटलेली नसेल तर शेतात केलेला प्रत्येक प्रयोग हा अंधारातला नेम ठरतो.

खाऱ्या जमिनींच्या बाबतीत या खुणांचा आणखी एक उपयोग आहे. मातीतील बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. पण मातीतून थेट फॉस्फोलिपिडांची मेदाम्ले काढली तर त्यांच्या प्रकारांवरून बुरशी किती, ॲक्टिनोमायसिट किती, जाड भित्तिकेचे जिवाणू किती, याचा ढोबळ हिशेब लागतो. पेशी मेली की ही द्रव्ये लवकर विघटित होतात, त्यामुळे हा हिशेब जिवंतांचाच असतो. मॅन आणि ताम्हणे यांनी या खोऱ्याचे क्षार तपासले; त्या क्षारांत कोण जगले आणि कोण मेले, हे तपासण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. ज्या चोपण रानात ओतलेला जिवाणू टिकणारच नाही, तेथे बाटलीऐवजी आधी चर खणून निचरा करा, असे शेतकऱ्याला वेळीच सांगता आले तर त्याचे पैसे वाचतील.

काय करता येईल

सुदैवाने यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. माळेगाव खुर्द येथे २००९ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे व क्षार, दुष्काळ, उष्णता हेच तिचे अभ्यासविषय आहेत. बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे. नीरेपलीकडे पाडेगाव आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या छत्राखाली २००९ साली सुरू झालेला सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. बुडापेस्ट कराराखाली त्याला २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मेदाम्लांची आणि प्रथिनांच्या वजनाची परीक्षा तेथे होते. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या परिसरात एवढी विद्या एकवटलेली असताना शेतकऱ्याच्या बाटलीची ओळख पटू नये, हे साधनांचे दारिद्र्य नव्हे. साधने जोडण्याच्या इच्छेचे दारिद्र्य आहे.

यासाठी चार गोष्टी तातडीने होण्यासारख्या आहेत. पहिली, लेबल. बाटलीवर जिवाणूचे आजचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि त्याचा मूळ वाण ज्या मान्यताप्राप्त संग्रहात ठेवला आहे तेथील नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक करावे. बॅसिलस मेगाटेरियमचे नाव २०२० मध्ये प्रिस्टिया मेगाटेरियम झाले; नावे यापुढेही बदलतील, परंतु नोंदणी क्रमांक बदलत नाही. दुसरी, विरजण. ज्या मूळ संवर्धनापासून उत्पादक वर्षभर खत तयार करतो, त्याची क्विनोन व मेदाम्लांची परीक्षा दरवर्षी सार्वजनिक प्रयोगशाळेत व्हावी. विरजण बिघडले तर दही चांगले लागत नाही, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. तिसरी, आदेश. केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशातील ॲसेटोबॅक्टर हे नाव दुरुस्त करावे आणि मोजणीच्या कसोट्यांना निदान एका रासायनिक ओळखीची जोड द्यावी.

चौथी गोष्ट सहकाराच्या हातची आहे आणि तिच्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांतील सहकारी साखर कारखाने आपल्या सभासदांना बेणे, खते, जिवाणू-संवर्धने पुरवितात अथवा सुचवितात. त्यांनी एकत्र येऊन एक सामाईक तपासणी-कक्ष चालवावा. काचपट्टीवरची प्राथमिक परीक्षा स्थानिक महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून व्हावी, संशयित नमुने माळेगावला व पुण्याला पाठवावेत आणि प्रत्येक गटाचा निकाल शेतकी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावा. ज्या उत्पादकाचा माल खरा आहे त्याला या तपासणीची भीती वाटणार नाही. उलट अशा फलकाचा लाभ सर्वांत आधी त्यालाच होईल. विद्यार्थ्यांनाही पाठ्यपुस्तकातील प्रयोगांपेक्षा आपल्या वडिलांच्या शेतात जाणाऱ्या बाटलीचा प्रयोग अधिक शिकवून जाईल.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग केला, त्याची वाखाणणी परदेशांतही झाली. उपग्रहाने पान पाहावे, जमिनीत रोवलेल्या यंत्राने ओल मोजावी आणि शेतकऱ्याच्या दूरध्वनीवर खताची सूचना यावी, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु त्या सूचनेनुसार शेतकरी जे द्रावण टिपऱ्यांवर ओततो, त्यातील जिवाणू कोण हे कोणालाच ठाऊक नसेल, तर वरची सारी गणिते एका अज्ञात आकड्यावर उभी राहतात. आडसाली लागणी जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. त्यापूर्वी निदान एका कारखान्याने आपल्या कार्यक्षेत्रात विकल्या जाणाऱ्या जिवाणू-खतांचे नमुने गोळा करून त्यांची ओळख पटवावी आणि जे निघेल ते, कोणाचीही भीडभाड न ठेवता, सभासदांपुढे मांडावे. निम्मा युरिया कमी करा, असे शेतकऱ्याला सांगण्याचा अधिकार त्यानंतर अधिक ठामपणे बजावता येईल.